खापर कुणाच्या माथी

बाबांनी गोळा केलेली खापरं माझ्याकडे श्रीखंडाच्या एका डब्यात आहेत. अर्धा किलोचा प्लॅस्टिकचा डबा, झाकणाची एक कड मोडलेली, आत १९ तुकडे. बेंगळुरूत आल्यापासून आम्ही तीन घरं बदलली आणि तिन्ही वेळा हा डबा एका माळ्यावरून दुसऱ्या माळ्यावर गेला. गेल्या पावसाळ्यात पुरातत्त्व शिकवणारी एक मैत्रीण जेवायला आली होती. जेवणं झाल्यावर मी मोठ्या कौतुकानं डबा खाली काढला, वर्तमानपत्र पसरून तुकडे मांडले आणि त्यातला एक तिच्या हातात दिला. जाडजूड, फिकट पिवळसर, मोडलेल्या कडेला मातीत काळे चमकदार कण. बाबा त्याला 'रोमन' म्हणायचे.

तिनं तो उजेडात धरला, पिशवीतून भिंग काढून कड न्याहाळली आणि विचारलं, "कुठला?"

"रोमन असावा, बाबा म्हणायचे की..."

"काय आहे ते नंतर बघू. कुठला?"

मी म्हटलं, नेवाशाचा. मग म्हटलं, किंवा तेरचा. मग गप्प बसले. तिनं तुकडा वर्तमानपत्रावर ठेवला आणि भिंग परत पिशवीत टाकलं. ती काही बोलली नाही, पण ते भिंग आत जाताना पाहून मला जे वाटलं ते अजून गेलेलं नाही.

बाबा तेव्हाच्या अहमदनगरला शाळेत इतिहास-भूगोल शिकवायचे. सुट्टी मिळाली की एस.टी.नं एखादं जुनं गाव गाठायचं आणि पांढरीतून फिरायचं, हा त्यांचा छंद. शेतीची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी, हे शहरात वाढलेल्यांना आता सांगावं लागतं. शेकडो वर्षांच्या चुलींची राख, शेणगोठा, ढासळलेल्या भिंती यांची मिळून ती माती होते. कधी कधी लहानशी टेकडीच होते. पावसानं तिचा उतार धुपला की खापरं उघडी पडतात. बाबा वाकून एखादं उचलायचे, धोतराच्या सोग्याला पुसायचे आणि खिशातल्या रिकाम्या काड्यापेटीत ठेवायचे. वर चिठ्ठी.

२०११मध्ये ते गेले. घर आवरायला मी चार दिवसांची रजा काढून आले होते. माळ्यावर बुटांच्या खोक्यात २०-२२ काड्यापेट्या निघाल्या, दोऱ्यानं बांधलेल्या. परतीच्या सामानात जागा नव्हती. खापरं मी श्रीखंडाच्या डब्यात ओतली आणि काड्यापेट्या चिठ्ठ्यांसकट टाकून दिल्या. वडिलांची आठवण जपतेय अशीच तेव्हा माझी समजूत होती.

नेवासा म्हटलं की मराठी माणसाला आधी ज्ञानेश्वरी आठवते. शके १२१२मध्ये गीतेचा अर्थ जिथं मराठीत उतरला ते गाव. अनुवादावर पोट भरणाऱ्या बाईला त्याचं जास्तच अप्रूप. पण त्याच प्रवरेच्या काठी १९५४ ते १९५६ या काळात डॉ. ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्खनन केलं आणि एकाखाली एक वस्त्यांचे थर उलगडले. सर्वांत वर मुसलमानी-मराठा काळ, सर्वांत खाली अश्मयुग. त्यांच्या इंग्रजी अहवालाचं शीर्षकच 'इतिहासाकडून प्रागितिहासाकडे' अशा अर्थाचं आहे, कारण खणणारा माणूस काळात उलटा चालतो. मधल्या एका थराला त्यांनी 'इंडो-रोमन' म्हटलं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या, सातवाहनांच्या वेळच्या या थरात भूमध्य समुद्राकडून आलेल्या मद्यकुंभांचे तुकडे मिळाले. दोन कानांचे, निमुळत्या बुडाचे, जहाजात उभे रचून नेण्यासाठी केलेले हे कुंभ. ग्रीक-रोमन जगात त्यांना अ‍ॅम्फोरा म्हणत.

तेर धाराशिव जिल्ह्यात, तेरणेच्या काठी. संत गोरा कुंभारांचं गाव. जमलेल्या संतांच्या डोक्यावर थापटणं मारून कुणाचं मडकं कच्चं ते सांगणाऱ्या गोरोबांची गोष्ट लहानपणी आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. हेच गाव म्हणजे ग्रीक लेखकांचं 'तगर', हे फ्लीटनं १९०१मध्ये दाखवलं. पहिल्या शतकातल्या एका अनामिक व्यापाऱ्यानं लाल समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची माहिती ग्रीक भाषेत लिहून ठेवली आहे, 'पेरिप्लस' नावानं ती ओळखली जाते. तो सांगतो, भडोचपासून दक्षिणेला २० दिवसांच्या वाटेवर पैठण, तिथून पूर्वेला १० दिवसांवर तगर. तगरचं कापड बिनरस्त्याच्या मुलखातून गाड्यांवर लादून भडोचला येई. आणि भडोचला उतरणाऱ्या मालात पहिलं नाव दारूचं, त्यातही इटलीच्या दारूला पसंती.

आता माझ्या डब्यातला तो तुकडा घ्या. त्यातले काळे कण नेपल्सच्या आखाताभोवतीच्या ज्वालामुखीच्या वाळूचे असतील, तर तो कुंभ व्हेसुव्हियसच्या परिसरात भाजला गेला असं म्हणता येईल. तो नेवाशाच्या त्या विशिष्ट थरातला असेल तर दारू घाट चढून प्रवरेपर्यंत आली. तेरच्या पांढरीतला असेल तर ती त्या बिनरस्त्याच्या मुलखातून, कदाचित कापड घेऊन गेलेल्या गाड्यांच्या परतीच्या खेपेत, आणखी आत गेली. खापर तेच, पण जागा बदलली की साक्ष बदलते. आणि कण ज्वालामुखीचे नसतील तर सगळंच वेगळं. पश्चिम किनाऱ्यावर रोमन म्हणून नोंदवलेली बरीच खापरं मेसोपोटेमियाकडच्या कुंभांची आहेत, हे रॉबर्टा टोंबर या अभ्यासक बाईंनी २००७च्या सुमारास दाखवून दिलं. त्यांच्या आतून डांबराचा थर असतो, आणि त्यातली कित्येक रोमन व्यापाराच्या भरभराटीनंतरची.

आपल्या वेदान्ताला घटाचं उदाहरण फार प्रिय. घट, परळ, रांजण ही नुसती नावं, सत्य काय ती माती. मातीचा एक गोळा जाणला की मातीचं सगळं जाणलं, असं उपनिषद सांगतं. मला हे नेहमी पटत आलं होतं. आता वाटतं, तिथं 'कोणती माती?' असं विचारणारा शिष्य कुणी नसावा. पुरातत्त्ववाल्यांच्या सगळ्या ज्ञानाची सुरुवात त्या आगाऊ प्रश्नापासून होते.

बेंगळुरूलाही रोमची ओळख आहे, फक्त ती नाण्यांमधून. १८९१मध्ये यशवंतपूरला चांदीची १६३ रोमन नाणी मिळाली. आज त्या भागातून मेट्रो जाते. १९६५मध्ये एचएएलच्या विमानतळाकडेही मिळाली. नाणी मिळाली की बातमी होते, खापरांची होत नाही. पण मैत्रिणीचं म्हणणं, साक्षीदार म्हणून तिला खापर जवळचं. नाण्याला किंमत असते, म्हणून ते हातोहात फिरतं, पिढ्यानपिढ्या गाडग्यात पुरून राहतं, शंभर वर्षांनी पुन्हा निघतं. तिबेरियस राजाचं नाणं सापडलं म्हणून तो थर तिबेरियसच्या काळातला ठरत नाही. फुटलेला रांजण मात्र कुणाला हवा असतो? तो फुटतो तिथंच, फार तर उकिरड्यापर्यंत जातो. खापराला काडीची किंमत नाही, यातच त्याचा प्रामाणिकपणा आहे.

अर्थात यालाही अपवाद आहेत. पांढरीची माती खत म्हणून शेतात टाकायची आपल्याकडची जुनी रीत, तिच्याबरोबर खापरंही शेतात जातात. उंदीर बिळं करतात, पाया खणताना खालचं वर येतं. खणणारे हे सगळं धरून चालतात. हौशी शाळामास्तर आणि त्याची लेक मात्र त्यांच्या हिशेबात कशी धरणार?

म्हणून मी काही दिवस बाबांवर रागावले होते. संरक्षित स्थळावरून काही उचलणं हा गुन्हा आहे, हे इतिहासाच्या मास्तरांना माहीत नव्हतं असं कसं म्हणू? चूक त्यांची. आपल्या भाषेत दोष देण्याला 'खापर फोडणं' म्हणतात, आणि मी ते रीतसर मेलेल्या माणसाच्या माथ्यावर फोडलं.

रागाची धार बोथट झाली ती मैत्रिणीनं सांगितलेल्या एका गोष्टीमुळे. १९४४मध्ये मॉर्टिमर व्हीलर पुरातत्त्व खात्याचे प्रमुख म्हणून नुकतेच आले होते. मद्रासच्या संग्रहालयात एका कपाटात त्यांना कुंभाचा एक तुकडा दिसला. भूमध्य समुद्राकडचा, हे त्यांनी पाहताक्षणी ओळखलं. कुठून आला त्याची नोंद होती: पाँडिचेरीजवळचं अरिकामेडू. पाँडिचेरी तेव्हा फ्रेंचांची. व्हीलर तिथं गेले, तर तिथंही फ्रेंच हौशी लोकांनी जमवलेली खापरं, त्यात इटलीतल्या अरेझ्झो गावची लाल झिलईची भांडी. १९४५मध्ये त्यांनी अरिकामेडूचं उत्खनन केलं. इटलीची ती लाल भांडी कधी बनत होती ते तिकडं पक्कं माहीत होतं, त्यामुळे त्यांच्यासोबत मिळणाऱ्या देशी भांड्यांचाही काळ ठरला. तोवर दक्षिण हिंदुस्थानच्या प्राचीन वस्त्यांना असं घड्याळच नव्हतं. १९४७मध्ये व्हीलर तेच घड्याळ घेऊन ब्रह्मगिरी आणि चंद्रवळ्ळीला गेले, आजच्या चित्रदुर्ग जिल्ह्यात. बेंगळुरू-पुणे बस रात्री चित्रदुर्गावरून जाते, मी बहुतेक वेळा झोपलेली असते.

म्हणजे अरिकामेडूचा तो तुकडाही कुणीतरी उचललेलाच होता. जागेवरून हलवलेला, कपाटात कोंबलेला. पण त्याच्यासोबत गावाचं नाव होतं.

त्याहून मला महत्त्वाचा वाटतो तो पुढचा भाग. व्हीलरांचं घड्याळ पुढं जाताना दिसलं. चक्राकार नक्षीच्या ज्या करड्या-काळ्या थाळ्यांवर ब्रह्मगिरीचा काळ बेतला होता, त्या त्यांनी भूमध्य समुद्राकडच्या मानल्या होत्या. नंतर विमला बेगली यांनी त्या इथल्याच, आणि व्हीलर म्हणतात त्याहून आधीच्या असल्याचं मांडलं. १९९७मध्ये डेक्कन कॉलेजच्या विश्वास गोगटे यांनी मातीची क्ष-किरणांनी तपासणी करून ती माती बंगालमधल्या चंद्रकेतुगड-तामलुक भागातली ठरवली. इटलीकडची समजलेली थाळी गंगेच्या मुखाकडची निघाली! एवढी मोठी चूक सुधारता आली, कारण खापरं कुठल्या खड्ड्यातून, कुठल्या थरातून आली ते व्हीलरांनी लिहून ठेवलं होतं. अर्थ चुकला, जागा चुकली नव्हती.

रोममध्येच टायबरजवळ मोन्ते तेस्ताच्चो म्हणून टेकडी आहे, साधारण ३५ मीटर उंच, आणि ती नुसत्या फुटक्या तेलकुंभांची आहे. बहुतेक कुंभ आजच्या दक्षिण स्पेनमधून ऑलिव्हचं तेल घेऊन आलेले. एकोणिसाव्या शतकात हाइनरिश ड्रेसेल नावाच्या जर्मन माणसानं त्यांच्यावरची शाईची अक्षरं वाचायला घेतली: वजन, माल पाठवणाऱ्याचं नाव, तपासनिसांच्या नोंदी. तेही सगळे परक्या गावी येऊन फुटलेलेच, पण आपलं गाव खांद्यावर लिहून आलेले.

बाबांच्या चिठ्ठ्या म्हणजे तेच होतं. त्यांनी खापर उचललं ही चूकच, पण पत्ता लिहून त्यांनी ती दुरुस्त होण्याची वाट उघडी ठेवली होती. ती मी बंद केली. दोन गुन्ह्यांत कुठला मोठा, असं कायद्याला विचारलं तर तो बाबांकडे बोट दाखवील. डबा उघडला की माझं बोट माझ्याकडेच वळतं. त्यातून माझा हेतू किती चांगला! वाईट हेतूनं केलेल्या गोष्टीचा निदान मनात सल राहतो. १२ वर्षांहून जास्त काळ मी त्या डब्याकडे समाधानानं पाहत होते.

आता एक कबुली, जिचा खापरांशी संबंध नाही असं मला बराच काळ वाटत होतं. तौलनिक साहित्यात एम.ए. झाल्यावर सुरुवातीच्या काळात मी एका दिवाळी अंकासाठी एका कन्नड कथेचा अनुवाद केला. कन्नड मला तेव्हा येत नव्हतं, अनुवाद इंग्रजीवरून. अंकात छापलं 'कन्नड कथा', खाली लेखकाचं नाव, माझं नाव. इंग्रजी अनुवाद कुणाचा, किंबहुना मध्ये इंग्रजी होतं, याचा उल्लेखच नाही. संपादकांना ती ओळ अनावश्यक वाटली आणि मी हरकत घेतली नाही. कथेत एक म्हातारी रात्री मुलासाठी ताट वाढून बसते. ताटात इंग्रजीनं 'ब्रेड' ठेवला होता. मला तो खटकला, मी त्याची भाकरी केली. ज्वारीची. तव्यावरून उतरवताना तिची बोटं पोळतात असं अर्धं वाक्यही त्या भरात वाढवलं. वाचकांची पत्रं आली, की किती आपल्या मातीतलं वाटतं! इथं येऊन कन्नड शिकल्यावर मूळ कथा वाचली. ताटात रागीचा मुद्दे होता. नाचणीच्या उकडीचा गोळा, सांबारात बुडवून गिळायचा, गरम असेतोवरच खायचा. म्हातारीची सगळी घालमेल त्यासाठी होती, की पोरगा येईपर्यंत तो निवेल आणि घट्ट होईल. माझी भाकरी निवांत टोपलीत राहिली असती.

चुकीचा शब्द ही आमच्या धंद्यातली रोजची गोष्ट. कुणीतरी दाखवून देतं, पुढच्या आवृत्तीत बदलतो. पण या चुकीबद्दल कुणी पत्र लिहूच शकलं नसतं. कन्नड जाणणाऱ्या वाचकानं ती माझ्या अज्ञानावर घातली असती, इंग्रजी जाणणाऱ्याला मध्ये इंग्रजी आहे हेच ठाऊक नव्हतं. मी माझ्या पांढरीतलं खापर चित्रदुर्गाकडच्या थरात नेऊन टाकलं होतं, आणि चिठ्ठी टाकून दिली होती.

मग आता करायचं काय? माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की एकदा नेवाशाला जावं, एकदा तेरला, आणि खापरं परत पांढरीत सोडून यावीत. मैत्रीण जवळजवळ ओरडलीच. "म्हणजे आणखी एक खोटी साक्ष! उद्या खणणाऱ्याला तुझं तेरचं खापर नेवाशाच्या उतारावर मिळायचं." तिचं बरोबर होतं. परत करण्यात मला हलकं वाटलं असतं, बाकी कुणाचं काही भलं झालं नसतं. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर जमवलेल्या वस्तूंचं सरकारी संग्रहालय झालं, तिथं द्यावीत असंही सुचलं. पण त्यांचा संग्रह मुख्यतः तेरचा म्हणून ओळखला जातो, आणि माझी खापरं अर्धी-निम्मी तेरची असतील किंवा एकही नसेल. त्या कपाटात त्यांना तेरचं नाव आपोआप चिकटलं असतं.

"तुला जेवढं माहीत आहे तेवढं लिही," ती म्हणाली. "आणि काय माहीत नाही तेही. त्याला लाजू नकोस."

लिहायला बसण्याआधी डबा पूर्ण रिकामा केला, तर तळाला एक चिठ्ठी चिकटलेली निघाली. काड्यापेट्या ओतताना एखाद्या तुकड्याबरोबर आली असावी. निळ्या शाईत बाबांचं वळणदार अक्षर: 'पावसानंतर. नदीकडची बाजू.' गावाचं नाव कदाचित काड्यापेटीवर असेल. नेवाशाला प्रवरा, तेरला तेरणा, दोन्हीकडे नदी आहेच.

मी नगरला आईला फोन लावला. काड्यापेट्यांचं सांगितल्यावर ती आधी काही बोलली नाही. मग म्हणाली, "तेव्हा मला विचारायचं होतंस. मी घरातच होते." ते खरंच होतं. चार दिवस ती शेजारच्या खोलीत बसून होती, आणि तिला त्रास नको म्हणून मी तिला एकाही वस्तूबद्दल विचारलं नव्हतं. मग तिनं तुकड्यांचं वर्णन करायला लावलं. मी एकेक उचलून सांगत होते: लाल, पातळ, एका बाजूला काळा, करडा, गुळगुळीत, काठाचा, वर दोन रेघा. बऱ्याच वेळा ती नुसतं "हं" म्हणाली. काठाच्या तुकड्याशी थांबली. "तो तेरचा. तू पाच-सहा वर्षांची होतीस, एस.टी. चुकली होती, गोरोबाकाकांच्या देवळाच्या ओट्यावर बसलो होतो आपण तिघं. तू तो तोंडात घातलास आणि ह्यांनी काढून घेतला."

"आणि जाड, पिवळट? काळे कण असलेला?"

"तो नाही गं आठवत. ह्यांना फार आवडायचा एवढं आठवतंय."

त्या रात्री १९ कागदाच्या पुरचुंड्या केल्या. प्रत्येकीवर लिहिलं: नेवासा, तेर किंवा अन्य, पृष्ठभागावरून उचललेले, मूळ नोंदी २०११मध्ये माझ्याकडून नष्ट. काठाच्या तुकड्यावर 'तेर', आणि पुढे 'आईच्या सांगण्यावरून, सुमारे ४० वर्षांनंतर'. जाड तुकड्यावर रोमन असं लिहिलं नाही. त्या दिवाळी अंकाच्या माझ्याकडच्या प्रतीतही कथेच्या शीर्षकाखाली पेन्सिलीनं 'इंग्रजीवरून' असं लिहिलं आणि भाकरीला गोल केला. प्रत एकच आहे माझ्याकडे, बाकीच्या कुठं आहेत कोण जाणे. पुरचुंड्या त्याच श्रीखंडाच्या डब्यात बसेनात, म्हणून बुटांचं एक खोकं रिकामं केलं.